खर्जाच्या चार तारा : देवळांतील एका वाद्यविद्येचा वृत्तांत

ज्युबिलीच्या स्मरणग्रंथांत पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा कोठून आली, कोणकोणते फादर किती वर्षें राहिले, हें सर्व नेमानें लिहिलें जातें. आणि तें लिहिलेंच पाहिजे. परंतु सणाच्या मिस्सेच्या वेळीं गायकवृंदाच्या मागें, भिंतीशीं, जो एक वादक उभा असतो, ज्याचा आवाज कानाला निराळा असा ऐकूं येत नाहीं, पण जो थांबतांच सारें गायन पोकळ वाटूं लागतें, त्याच्याविषयीं आम्हीं अशा ग्रंथांत सहसा दोन ओळीही वाचल्या नाहींत. हा खर्जाचा वादक होय. पूर्वीं त्याच्याजवळ पुरुषभर उंचीचें रबेकांव असे. आज त्याच्या गळ्यांत पट्ट्यानें अडकविलेली बास गिटार असते. वाद्य बदललें, काम तेंच राहिलें. हें काम नवशिक्याला कोण व कसें शिकवीत आलें, आणि पोशेऱ्यासारख्या आमच्या डोंगरांतील गांवीं तें यापुढें कोण शिकवील, एवढ्याच प्रश्नापुरतें आम्ही येथें लिहीत आहों. वाचकांनीं हा लेख विद्वत्तेचा समजूं नये. घरांतल्या एका विस्मृत माणसाची ही विचारपूस आहे.

प्रथम थोडें मागें जावें लागेल. आज आमचीं मुलें जें दो, रे, मी म्हणतात, त्याचें श्रेय अकराव्या शतकांतील इटालियन मठवासी गीदो द आरेत्झो ह्यास दिलें जातें. संत योहान बाप्तिस्त ह्याच्या स्तुतीचें एक लॅटिन स्तोत्र होतें. त्याच्या प्रत्येक चरणाचा आरंभ मागल्या चरणाहून एक स्वर वर होत असे. गीदोनें त्या चरणांचीं आद्याक्षरेंच स्वरांस नांवें म्हणून दिलीं. हेतु असा कीं, न ऐकलेलें गीतही मुलानें कागदावरून गावें. शिकविणारा समोर नसला तरी चालावें. पुढें सन १६०२ त व्हेनिस येथें लोदोविको व्हियादाना ह्या फ्रान्सिस्कन साधूनें आपलीं देवळांतलीं गीतें छापलीं, तीं अखंड वाहणाऱ्या खर्जाच्या ओळीसह. गाणारे थोडे असले, कांहीं आवाज कमी पडले, तरी खालची ओळ चालू राहिली कीं गीत उभें राहतें, हा त्यांतला व्यवहार. लहान व गरीब देवळांची अडचण ओळखून निघालेली ही युक्ति आहे, हें आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें तिचें काम पडणार आहे.

आपल्या किनाऱ्यावर ही विद्या पोर्तुगीजांच्या मागोमाग आली. गोव्यांत सन १५४१ त स्थापन झालेलें विद्यालय पुढें सेंट पॉलचें कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलें; संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. तेव्हांपासून प्रार्थना व धर्मशिक्षण यांच्या जोडीला गायन आलें, आणि हळूहळू गांवोगांवच्या देवळांशीं जोडलेल्या शाळा निघाल्या. मराठी वाचकास फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें नांव निराळें सांगावयास नको. सन १५७९ त गोव्यास आलेल्या ह्या इंग्रज जेझुइटानें रचिलेलें क्रिस्तपुराण सन १६१६ त रायतूर येथें छापलें गेलें आणि गोव्याच्या देवळांतून तें पुष्कळ काळ गाइलें जात असे. म्हणजे एकाच देवळांत, एकाच दिवशीं, लॅटिन मिस्सा विलायती स्वरांत आणि मराठी ओवी देशी ढंगांत, अशीं दोन्ही गायनें होत असत. हा संसार एकत्र नांदला ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

वसईची कथा निराळी. सन १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ त चिमाजीआप्पांच्या सैन्यानें ती घेतली. श्रद्धा टिकली, गाणीं टिकलीं, लग्नांतले विधि टिकले. पण देवळाच्या शाळेंत पगारी संगीतगुरु ठेवण्यास जो राजाश्रय लागतो, तो त्यानंतर उरला नाहीं. गोव्यांत ती परंपरा पुढें दोनशें वर्षांहून अधिक चालली. म्हणून आमच्या भागांत जेव्हां जेव्हां वाजविणारा हवा झाला, तेव्हां तो बहुधा दक्षिणेकडून, नाहीं तर मुंबईच्या वाटेनें आला.

गोव्यांतल्या त्या गुरूला ‘मेस्त’ म्हणत. सायंकाळीं मुलें जमत, फी नसे. पहिले कित्येक महिने वाद्यास हात लावूं देत नसत. हातानें मात्रा मोजावयाच्या, तोंडानें स्वरांचीं नांवें म्हणावयाचीं, चुकलें कीं पुन्हां पहिल्यापासून. ह्याला ‘सोल्फ’ म्हणत. सोल्फ पक्कें झाल्यावर मुलाच्या हातीं व्हायोलिन येई, आणि रबेकांव त्यानंतर. कारण तें वाद्यच एवढें थोरलें कीं लहान मुलाचा हात त्याच्या माथ्यापर्यंत पोंचत नाहीं. तारा आंतड्याच्या असत. कोंकणच्या पावसांत हवा ओलावली कीं त्या आपोआप बेसूर होत. लदाईन म्हणतांना, किंवा उपवासकाळांतलीं लॅटिन मोतेत गातांना, दोन व्हायोलिनें, एखादें क्लॅरिनेट आणि रबेकांव, एवढा ताफा पुष्कळ देवळांत असे. मोठा पाईपचा ऑर्गन ज्यांना परवडतो त्या देवळांत खर्ज वादकाच्या पायांखालच्या पट्ट्या देतात. आमच्यासारख्यांच्या पायपेटीला ती सोय नाहीं. म्हणूनच खर्जास निराळा माणूस लागतो.

ह्या शाळांनीं देवळासाठीं वादक घडविले, आणि घडलेले वादक पोट भरण्यास मुंबईस गेले. हा व्यवहार सरळ होता. त्यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. माजोर्डा गांवच्या देवळांतील गायकवृंदाच्या गुरूंचे चिरंजीव अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे आपल्या वडिलांजवळच शिकले, मुंबईच्या चित्रपटसृष्टींत व्हायोलिनवादक व संयोजक झाले, आणि प्यारेलाल ह्यांना त्यांनीं व्हायोलिन शिकविलें. सन १९७७ च्या एका चित्रपटांतील गाण्यांत त्यांचें नांव सर्व हिंदुस्थानानें गाइलें, तें ह्या शिष्यानें गुरूस दिलेलें मानाचें स्मरण. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट म्हणून ओळखले जाणारे अंतोन झेवियर वाझ, हे सर्व त्याच मातीचे. पुढें राहुल देव बर्मन ह्यांच्या वादकवृंदांत बास गिटार वाजविणारे टोनी वाझ झाले. त्या काळचीं गाणीं ज्यांनीं रेडिओवर ऐकलीं, त्यांनीं त्यांचा खर्ज नांव न जाणतां ऐकलेलाच आहे. गोव्यांतही आंतोनियु द फिगेरेदो ह्यांनीं सन १९५२ त पणजीस संगीताची अकादमी काढली. तिचेंच कार्य पुढें कला अकादमीच्या पाश्चात्य संगीत विभागांत चाललें.

आतां हें नवें वाद्य. सन १९५१ त अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत लिओ फेंडर नांवाच्या, स्वतः गिटार न वाजविणाऱ्या एका कारागिरानें विजेची बास गिटार बाजारांत आणली. त्याआधीं सन १९३० नंतरच्या दशकांत सिॲटल येथें पॉल टुटमार्क ह्यानें तसा प्रयत्न केला होता, पण तो पसरला नाहीं. फेंडरनें ह्या वाद्यास ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूक असें नांव दिलें, त्याचें कारण दांडीवरचे पडदे. रबेकांवाची दांडी गुळगुळीत असते. बोट केसभर सरकलें तर स्वर बिघडतो, आणि तो ठिकाणीं पाडण्यास वर्षें लागतात. पडदे असले म्हणजे बोट पडद्याच्या मागें दाबलें कीं स्वर आपल्या जागीं येतो. तारेची लांबीही रबेकांवाच्या सुमारें बेचाळीस इंचांवरून चौतीस इंचांवर आली. जें वाद्य बैलगाडींतून न्यावें लागे, तें पोरगा पाठीला लावून एस. टी. त चढूं लागला.

देवळांत मात्र तें असें सहज चढलें नाहीं. दहावे पायस ह्यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं काढलेल्या आज्ञापत्रांत मानवी कंठास पहिला मान व ऑर्गनला दुसरा दिला; पियानो, ढोल, झांजा अशा वाद्यांस देवळांत मनाई केली; इतर वाद्यें बिशपांच्या अनुज्ञेनें व मर्यादेंत चालावीं असें म्हटलें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनाविधीविषयक जो दस्तैवज मंजूर केला, त्याच्या १२० व्या कलमानें ऑर्गनचा मान कायम ठेवून, स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीनें, पवित्र कार्यास योग्य व देवळाच्या प्रतिष्ठेस शोभतील अशीं इतर वाद्यें घेण्यास वाट दिली. लॅटिनच्या जागीं मराठी आली, नवीं गीतें झालीं, आणि तरुणांच्या हातांतली गिटार गायकवृंदांत आली. गिटारीच्या मागून बास आली. त्या वेळीं कांहीं वडीलधाऱ्या माणसांनीं नाकें मुरडलीं. त्यांचें सर्वच म्हणणें खोटें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. खर्ज जर पोटांत धडधडूं लागला तर प्रार्थना उरत नाहीं. पण तो दोष वाद्याचा नव्हे. वाजवणाराला कोणी शिकविलेंच नाहीं, त्याचा आहे. येथून आम्ही मूळ विषयाकडे वळतों.

नवशिक्या पहिल्या दिवशीं येतो तेव्हां त्याला तालावर चार टाळ्या सारख्या अंतरानें वाजवितां येतात कीं नाहीं, एवढेंच पाहावें. जाड आवाज, लांब बोटें, अगोदरचें गिटारज्ञान, ह्या गोष्टी दुय्यम आहेत. ज्याची टाळी घाईनें पुढें पळते त्याला पायानें ठेका धरून चालावयास लावावें, आणि त्या चालण्यावर तोंडानें एक, दोन, तीन, चार म्हणवावें. मिनिटाला साठ ठोके, म्हणजे भिंतीवरल्या घड्याळाचे सेकंद, हा वेग उत्तम. पुष्कळांना तो फार संथ वाटतो; तो टिकविणें जलद वाजविण्याहून अवघड आहे हें दोनच दिवसांत त्यांच्या प्रत्ययास येतें.

मग तारा. चार तारा; सर्वांत जाड तार मीची, तिच्यानंतर ला, रे आणि सोल. जाड तार मोकळी सोडली असतां सेकंदास सुमारें एकेचाळीस कंपनें होतात, दुसरी पंचावन्न, तिसरी त्र्याहत्तर, चौथी अठ्ठ्याण्णव. साध्या गिटारीच्या जाड चार तारा ह्याच नांवाच्या, फक्त एक सप्तक वर. आमच्याकडल्या मुलांस सोल्फचीं नांवें परकीं वाटतात. पण भजनांत आणि गायकवृंदांत पेटी सर्वांनीं पाहिलेली असते. म्हणून आम्ही असें सांगावें असें सुचवितों : जाड तार म्हणजे पांढरी तीन, दुसरी पांढरी सहा, तिसरी पांढरी दोन, चौथी पांढरी पांच. जाड तारेचा पहिला पडदा दाबला कीं पांढरी चार, दुसरा दाबला कीं काळी तीन, तिसरा दाबला कीं पांढरी पांच. पेटी शेजारीं ठेवून मुलानें स्वतः शोधावें. आम्हीं पाहिलें आहे कीं एवढें सांगितल्यावर एका संध्याकाळींच अर्धी दांडी त्याच्या ओळखीची होते.

येथें एक गोंधळ नेहमीं होतो तो सांगून ठेवतों. पोर्तुगीज पद्धतींत ‘दो’ हा एका ठरलेल्या पट्टीचाच स्वर असतो, तो हलत नाहीं. इंग्रजांच्या शाळांतून जॉन कर्वेन ह्यांची जी पद्धति पसरली तींत ‘दो’ गीताबरोबर फिरतो. आपला षड्जही फिरता. त्यामुळें गोव्यांत शिकलेले गुरु व मुंबईच्या इंग्रजी शाळेंत शिकलेला शिष्य यांचें बोलणें एकमेकांस कळेनासें होतें, आणि दोघेही दुसऱ्यास अडाणी समजतात. शिकविणाऱ्यानें पहिल्याच दिवशीं आपला ‘दो’ कोणता तें सांगितलें म्हणजे झालें.

चार तारा एकमेकींपासून षड्ज-मध्यमाच्या अंतरावर बांधलेल्या आहेत. मागल्या तारेस षड्ज धरला तर पुढली तार तिचा मध्यम होते. म्हणून कोणत्याही तारेच्या पांचव्या पडद्यावर पुढल्या तारेचा मोकळा स्वर सांपडतो, आणि वाद्य मिळविण्याची साधी रीतही तीच. पण ह्याचा खरा उपयोग पुढें आहे. समजा, गाणारांची पट्टी काळी एक आहे. दुसऱ्या तारेवर, म्हणजे पांढऱ्या सहाच्या तारेवर, चौथ्या पडद्याशीं काळी एक येते. तो झाला षड्ज. त्याच पडद्यावर बोट अलीकडल्या जाड तारेवर टेकवलें कीं खालचा पंचम मिळतो, आणि पलीकडल्या तारेवर टेकवलें कीं मध्यम. षड्ज, मध्यम, पंचम हे तिन्ही एका पडद्याच्या ओळींत! आमच्या देवळांतलीं निम्म्याहून अधिक गीतें ह्या तीन आधारांवर उभीं आहेत. पट्टी बदलली, गायिकेचा आवाज बसला, फादरांनीं अनपेक्षितपणें उंच सूर लावला, तर सारा हात उचलून एकदोन पडदे पुढें अथवा मागें न्यावा. आकृति तीच राहते. पेटीवाल्याला जें नव्यानें बोटें बदलून करावें लागतें तें बासवाल्याला नुसतें सरकून साधतें. ही गोष्ट मुलाला दाखविल्यावर त्याच्या तोंडावर जो उजेड पडतो तो पाहण्यासाठीं तरी शिकवावें.

डाव्या हाताविषयीं जुन्या रबेकांववाल्यांची रीत आजही ग्राह्य आहे. व्हिएन्नाचे फ्रान्त्स सिमांडल (१८४०–१९१२) ह्यांच्या शिक्षणक्रमांत दांडीच्या आरंभींच्या भागांत तर्जनी, मधलें व करंगळी एवढींच बोटें मोजलीं जातात. अनामिका करंगळीस आधार देते. बास गिटारीच्या पहिल्या चार पडद्यांत अंतरें मोठीं असतात, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाची करंगळी एकटी तार दाबूं शकत नाहीं. तिला शेजारच्या बोटाची सोबत द्यावी. अंगठा दांडीच्या मागें सैल असावा. तार पडद्याच्या अगदीं मागें दाबावी. डोक्यावर दाबली तर आवाज दबतो, फार मागें दाबली तर खरखरतो. उजव्या हाताचीं तर्जनी व मधलें बोट पायांप्रमाणें आळीपाळीनें चालावीं. एकाच बोटानें वाजविण्याची खोड लागली कीं ती पुढें सुटणें कठीण. बोट तारेवरून निघून शेजारच्या जाड तारेवर टेकावें. त्यानें ती शेजारीणही गप्प राहते.

आणि गप्प ठेवणें हें अर्धें शिक्षण होय. जाड तार एकदां हलली कीं थांबावयास नकार देते. षड्ज वाजवून मध्यमावर गेलों आणि षड्ज मागें घुमतच राहिला, तर दोघांचा चिखल होतो. देवळाच्या उंच छपराखालीं तर तो अधिकच. म्हणून न वाजणाऱ्या तारांवर बोटें हलकेच ठेवावयास पहिल्या आठवड्यापासून शिकवावें. तसेंच कोठें वाजवूं नये तें. स्तोत्रपाठक एकटा गात असतां, अथवा चिंतनाच्या वेळीं, बासवाल्यानें हात खालीं सोडून उभें राहावें. नवशिक्याला ह्याची लाज वाटते. आपण कांहीं करीत नाहीं असें लोकांस दिसेल असें त्यास वाटतें. त्याला समजावावें लागतें.

पहिल्या महिन्यांत बोटांचीं टोकें दुखतात, क्वचित् फोड येतो. रोज पाव तास पुरे. रविवारीं दोन तास बसून आठवडाभर न शिवणें व्यर्थ. पहिलें गीत असें घ्यावें कीं जें मुलाला निजेंतही म्हणतां येतें. त्यांत प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर एकच स्वर, बाकी शांतता. तें जमलें कीं षड्ज-पंचम, षड्ज-पंचम. मग दोन आधारांच्या मधल्या पायऱ्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारतां चालत जाणें. ह्याहून अधिक पहिल्या वर्षीं नको. हल्लीं मोबाईलवर चित्रफिती पाहून मुलें पडद्यांचे आंकडे पाठ करतात आणि एखादें चमत्कारिक गाणें हुबेहूब वाजवितात. त्यांच्या कष्टांस आम्ही हंसत नाहीं. परंतु पट्टी अर्धा स्वर वर घ्या म्हटलें कीं तींच मुलें गळाठतात. मेस्त जें सोल्फ आधीं घोटून घेई त्याची उणीव येथें दिसते. तरीही सहा सहा महिने वाद्यास हात न लावूं देण्याची जुनी शिस्त आज पुन्हां आणावी असें आम्हांस वाटत नाहीं. मूल परत येणार नाहीं. वाद्य आणि सोल्फ बरोबर चालावें : अर्धा वेळ तारांवर, अर्धा वेळ कागदावर. खर्जाच्या लिपींत चौथ्या रेघेवर ‘फा’ असतो, हें एक खूणगांठ बांधलें कीं बाकीच्या रेघा त्यावरून मोजतां येतात. बासचे स्वर कागदावर लिहितात त्याहून एक सप्तक खालीं वाजतात, हेंही सांगून टाकावें, नाहीं तर पेटीशीं ताळा पाहतांना हुशार मुलाचा गोंधळ होतो.

आतां आमच्या गांवाकडे येऊं. पोशेरा हें मोखाडा तालुक्यांतलें. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत, आणि धर्मदृष्ट्या २२ मे १९९८ रोजीं स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताच्या कक्षेंत. नाचणी-वरईचा हा डोंगराळ मुलूख. येथें संगीत नव्हतें आणि तें मिशनऱ्यांनीं आणलें, असें जर कोणी लिहील तर तो असत्य लिहील. भोपळा, बांबू व ताडाचें पान यांचा तारपा येथें केव्हांपासून वाजतो तें कोणास ठाऊक नाहीं. पीक हातीं येण्याच्या दिवसांत तारपावाला मध्यें, आणि हात गुंफलेली माणसें त्याच्या भोंवतीं, तो वळेल तशीं वळणारीं. जव्हार तालुक्यांतील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या घरीं ही विद्या पिढीजात आहे. मोखाड्याच्या बोहाड्यांत देवतांचीं सोंगें नाचतात तीं संबळाच्या ठेक्यावर. भगताची घांगळी तर तारांचीच. तिच्या एकसारख्या घुमण्यावर तो रात्र रात्र कथा गातो. ज्या पोरानें लहानपणापासून हें ऐकलें त्याला खर्ज म्हणजे काय हें आम्हीं नव्यानें काय सांगावें? त्याच्या पायांत ठेका आहे. आमच्या अनुभवास असें आलें आहे कीं टाळीची जी परीक्षा वर सांगितली तींत डोंगरांतलीं मुलें शहरांतल्या मुलांस मागें टाकतात.

ज्या परिषदेनें गिटारीला दार उघडलें, तिच्या त्याच दस्तैवजाचें ११९ वें कलम आमच्या लोकांनीं फारसें वाचलेलें नाहीं. मिशनच्या प्रदेशांत ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला योग्य मान व स्थान द्यावें, आणि मिशनऱ्यांना त्या संगीताचें शिक्षण मिळावें, असें तें सांगतें. म्हणजे १२० वें कलम वाचून बास गिटार घेणारांनीं एक पान मागें उलटलें पाहिजे होतें. बास आली म्हणून घांगळी अडगळींत गेली, तर तो सौदा तोट्याचा. शिकविणारा शहाणा असेल तर मुलाला तारप्याची चाल ऐकवून तिचा षड्ज दांडीवर शोधावयास लावील, आणि त्याखालीं एकच स्वर लांब धरावयास सांगेल.

अडचणी निराळ्या आहेत आणि त्या अगदीं जमिनीवरच्या आहेत. पहिली, शिकविणाऱ्याची. वसईहून मोखाड्यास आठवड्यास येणारा गुरु मिळणें कठीण. घाटाची वाट, पावसाळा, आणि ज्याला वाजवितां येतें त्याला लग्नसराईंत मुंबईस काम. मेस्तला गांवानें सांभाळलें म्हणून तो गांवांत राहिला. ही साधी गोष्ट आम्ही विसरलों. दुसरी, मुलांची. भातकापणी उरकून दिवाळी झाली कीं पुष्कळ कुटुंबें वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर उतरतात आणि शाळकरी पोरेंही बरोबर जातात. गणित अर्धें राहतें तेथें सोल्फची काय कथा! जून ते ऑक्टोबर मूल गांवांत असतें, पण तेव्हां तें शेतांत असतें. तिसरी, विजेची. बास गिटारीचें पोट भरीव लांकडाचें; वीज गेली कीं तिचा आवाज शेजारच्या बांकापर्यंतही जात नाहीं. पावसाळ्यांत ओल्या जमिनीवर अनवाणी उभें राहून, जमिनीची तार नसलेल्या खोक्याला वाद्य जोडणें जिवावर बेतूं शकतें. हें तर कोणत्याही धड्याच्या आधीं शिकवावें.

आमचें मत विचाराल तर ज्युबिलीच्या निधींतून मोठें ध्वनियंत्र घेण्यापेक्षां दोन साध्या बास गिटारी व एक लहान अँप्लिफायर घ्यावा, आणि उरलेली रक्कम गांवांतल्याच एखाद्या तरुणास वसईस अथवा गोव्यास वर्षभर शिकावयास धाडण्याकडे लावावी. परत आल्यावर त्याला मेस्तसारखें मानधन असावें, मग तें थोडें कां असेना. शाळा श्रावणांत संध्याकाळीं भरवावी. वीज नसली तरी बोटांची चाल, टाळी, आणि कागदावरचें सोल्फ यांना वीज लागत नाहीं. भट्टीवर जाणाऱ्या मुलाच्या खिशांत स्वरांचा एक कागद द्यावा. तो तेथें तोंडानें म्हणतां येतो. होळीला तें परत येतें तेव्हां त्याचें किती राहिलें तें पाहावें. वाद्यें आगोटीपूर्वीं पेटींत, तारा थोड्या सैल करून, मातीच्या भिंतीला न टेकवतां, चुलीपासून दूर पण कोरड्या माळ्यावर ठेवावीं. वादनानंतर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या. घामानें व दमट हवेनें त्या गंजतात, आणि खर्जाच्या तारांचा संच स्वस्त नसतो.